ब्रॅकनहोपच्या मधमाश्यांना कोणी कळवावे

मी, हेस्टर मॉड ट्रेव्हिल, वय शहात्तर, अविवाहित, राहणार ब्रॅकनहोप हाऊस, गाव नेदर ब्रॅकन, परगणा हेरफर्डशायर, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या धाकाने नाही, कोणाच्या गोड बोलण्याला भुलून नाही आणि शेरीच्या अमलाखाली तर मुळीच नाही, माझी शेवटची इच्छा माझ्या हाताने लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. त्यांतले एक माझ्या पुतण्याला तोंडपाठ आहे असे कानावर आले आहे. ते त्याने विसरावे.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. पॅरी यांचा दाखला सोबत जोडला आहे. तो घ्यावा लागला, कारण माझा पुतण्या जेराल्ड ट्रेव्हिल गेले वर्षभर जिथे जेवायला बसतो तिथे सांगतो की हेस्टर आत्या मधमाश्यांशी बोलते. बोलते. या परगण्यात ज्याच्या दारी मधमाश्या आहेत तो प्रत्येक माणूस त्यांच्याशी बोलतो, आणि माश्या उलट शहाणपणा शिकवत नाहीत एवढ्यावरूनच त्यांची संगत मला जेराल्डपेक्षा बरी वाटते. मी घरात भूत नाही म्हणते म्हणून त्याच्या लेखी मी वेडी, आणि भूत बघायला पैसे देणारे पाहुणे तेवढे शहाणे. न्यायाधीशांपुढे हे प्रकरण गेलेच तर त्यांनी ही दोन विधाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

कलम पहिले. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी हेरफर्डचे वकील मि. ऑब्री लायड यांना नेमते. त्यांनी माझा मसुदा दोनदा परत पाठवला. दुसऱ्या वेळी ते स्वतः आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "मिस ट्रेव्हिल, मृत्युपत्रात भुतं घालायची पद्धत नाही."

मी म्हटले, "मि. लायड, माझ्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू तीच आहे. ती वाटणीतून वगळली तर उद्या भांडणं होतील."

त्यांनी चहा संपवला आणि गेले. त्यांना त्यांची फी आणि माझी सहानुभूती, दोन्ही मिळावीत.

कलम दुसरे. माझे दफन साध्या लाकडी पेटीत, चर्चच्या आवारात, उत्तरेकडच्या भिंतीलगत करावे. ट्रेव्हिलांच्या दगडी तळघरात मला ठेवू नये. तिथे माझे आजोबा आहेत, आणि त्यांच्याशी मी जिवंतपणी पुरेसे बोलले आहे. प्रार्थना थोडक्यात व्हावी. पाद्री मि. स्टोक यांना आमची फळे काढायची लांब शिडी मी देते. चर्चच्या छपराच्या कामाला म्हणून त्यांनी ती नेली, ती अजून त्यांच्याकडेच आहे, तेव्हा ने-आण करण्याचा त्रास कोणाला पडणार नाही.

कलम तिसरे. हे घर आणि त्यातली भुते. घर जेम्स राजाच्या काळात लोकरीच्या पैशांवर बांधले गेले. पुढची बाजू नंतरची आहे, मागची जुनी आहे, आणि छप्पर दोन्ही बाजूंना सारखेच गळते. राजा आणि संसद यांचे युद्ध पेटले तेव्हा आमच्या पूर्वजांनी राजाच्या एका सरदाराला जिन्याखाली लपवले, शत्रूने त्याला शोधून तिथेच त्याचे मुंडके उडवले आणि तेव्हापासून तो बिनमुंडक्याचा सरदार जिन्यावरून उतरतो, असे पाहुण्यांना सांगितले जाते. खरी गोष्ट अशी की आमच्या पूर्वजांनी दोन्ही सैन्यांना गवत विकले आणि कोणालाही लपवले नाही. सरदार माझ्या आजोबांनी जन्माला घातला. नोकरांनी तळघरातल्या साइडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, पिंपांकडे फिरकू नये म्हणून त्यांनी तो जिन्यावर उभा केला. पावलांचे आवाज मात्र खरे होते. ते आजोबांचेच होते, आणि पिंपांकडेच जात होते.

दुसरे भूत म्हणजे रडणारी जोगीण. इथे कधी मठ नव्हता. पण शेजारच्या पॉमफ्रेट मंडळींच्या घरात एक जोगीण होती आणि शिकारीच्या दिवसांत पाहुणे तिकडे जास्त जात. माझी आत्या लॅव्हिनिया एका नाताळात जेवता जेवता म्हणाली, "आमच्याकडे पण आहे एक, पण ती बिचारी फार लाजते." पुढच्या वर्षापासून पाहुणे आले.

हा सरदार आणि ही जोगीण, दोघेही, त्यांच्या आवाजांसह आणि गार झुळकांसह, मी माझा पुतण्या जेराल्ड याला कायमचे देते. त्याने ही भुते कुठेही न्यावीत. त्यांचे कोणावाचून अडत नाही आणि त्यांच्यावाचून कोणाचे अडलेले मी पाहिले नाही.

कलम चौथे. तिसरे भूत मी कोणालाही देत नाही, कारण ते माझे नाही. ते भूतही नाही. इथून पुढचे कलम व्यवस्थापकांनी सावकाश वाचावे.

नेदर ब्रॅकनमध्ये लहान मूल बोलायला लागले की त्याला काळी बाई सांगतात. अंगात काळा झगा, डोक्यावर काळी शाल, हातात हातभर लांब किल्ली. ब्रॅकनहोपच्या भाजीच्या बागेत भिंतीच्या कडेने ती चालत येते, वाकते, तीनदा ठोकते, काहीतरी पुटपुटते. तिने ठोकले की मोठ्या घरातले माणूस जाते. या भीतीने बागेच्या भिंतीबाहेरची पायवाट गावाने टाकून दिली. पोस्टापासून इथे यायला तीच जवळची वाट आहे. पण लोक चिखल तुडवीत गिरणीवरून वळसा घालून येतात, आणि वर माझ्याच गालिच्यावर बूट पुसतात.

आता खरे काय ते लिहिते. घरात मृत्यू झाला की मधमाश्यांना कळवायचे, ही इथली रीत आहे. सगळ्यांच्या आधी त्यांना. चर्चची घंटा नंतर, पाद्री नंतर, नातेवाईक त्याहून नंतर. घरच्या मोठ्या दाराची किल्ली घ्यायची, मधमाश्यांच्या प्रत्येक पेटीवर हलकेच तीनदा ठोकायचे आणि खालच्या आवाजात सांगायचे की तुमचा धनी गेला, आता अमका तुमचा धनी आहे, तुम्ही राहा. पेटीला काळी फीत बांधायची. दफनाच्या दिवशी केकचा तुकडा पेटीच्या तोंडाशी ठेवायचा. कळवले नाही तर माश्या रुसतात, उडून जातात किंवा आतल्या आत मरतात. घरातले दुःख परक्या तोंडून कळलेले त्यांना खपत नाही. मलाही खपत नाही, म्हणून मला या रीतीत वेडेपणा दिसलेला नाही.

आमच्या पेट्या भिंतीला लागून, आतल्या बाजूला आहेत. बाहेरच्या पायवाटेवरून पेट्या दिसत नाहीत. दिसते ती फक्त काळी शाल, आणि ऐकू येते ती ठकठक. त्यानंतर चर्चची घंटा वाजते आणि गावाला कळते की मोठ्या घरात कोणी गेले. म्हणजे बाई आधी आणि बातमी नंतर. यावरून गावाने ठरवले की बाई येते म्हणून माणूस मरते.

मला राग याचा आहे की ही रीत गावातले प्रत्येक घर पाळते. लोहार पाळतो, गिरणीवाला पाळतो, पोस्टातल्या मिसेस ग्विलियमचे यजमान गेले तेव्हा त्यांनी स्वतः आपल्या परसातल्या तीन पेट्यांवर ठोकले होते. तेव्हा त्यांना कोणी भूत म्हटले नाही. पण तीच गोष्ट आमच्या भिंतीवरून पाहिली की त्यांची बोबडी वळते. मोठ्या घरातली माणसे आपल्यासारखी नुसती मरत नाहीत, त्यांना न्यायला कोणीतरी यावे लागते, अशी काहीतरी समजूत असावी. आम्हीही साधेच मरतो. बहुतेक वेळा छातीत कफ होऊन.

कलम पाचवे. मधमाश्यांना कळवण्याचे काम या घरात कारभारीण करीत आली. आधी मिसेस प्रॉसर, आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी मार्था. मार्था प्रॉसर अजून आहे, फाटकाशेजारच्या घरात राहते, आणि या मृत्युपत्राचे मूळ कारण ती आहे. तिला हे आवडणार नाही. मी काय केले की तिला आवडते, हे मला आजवर कळलेले नाही.

माझे वडील कर्नल ट्रेव्हिल गेले त्या संध्याकाळी मार्था पेट्यांपाशी गेली. वारा होता. तिची शाल मागे घसरली आणि नेमकी त्याच वेळी लोहाराची आई, म्हातारी मिसेस बीव्हन, गाय शोधत भिंतीबाहेरून जात होती. तिने मार्थाचे तोंड पाहिले. त्या दिवसापासून भुताला नाव मिळाले.

त्यानंतर मार्थाशी कोणी भांडले नाही, कोणी तिच्यावर दगड उचलला नाही. आमचे गाव सभ्य आहे. फक्त चर्चमध्ये तिच्या बाकावर दुसरे कोणी बसेना. दुकानात ती शिरली की गप्पा थांबत. ज्या घरात कोणी आजारी असेल त्या घराचे दार तिच्यासाठी उघडेना. तिचा मध मात्र सगळे घेत. तो मी विकत असे, म्हणून.

मार्थाची एकुलती एक बहीण ॲनी त्याच लोहाराच्या घरात दिलेली होती. ॲनी बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली. मार्था सूपाचे भांडे घेऊन तिच्या दारात गेली. म्हातारी मिसेस बीव्हन चौकटीत उभी राहिली आणि म्हणाली, "आज नको गं मार्था. बरी झाली की मग ये. तुझ्या पाया पडते, तू आत नको येऊस."

मार्था म्हणाली, "ती मला हाक मारतेय. मला ऐकू येतंय."

"म्हणूनच नको," म्हातारी म्हणाली आणि तिने दार लावले.

ॲनी गेली. मार्थाने तिला पुन्हा पाहिले ते शवपेटीत. दफनाहून परत आल्यावर मार्था बागेत गेली आणि मधमाश्यांना बहिणीची बातमी सांगत उभी राहिली. ॲनी आमच्या घरची नव्हती, तिची बातमी आमच्या माश्यांना देण्याची काही रीत नव्हती. पण मार्थाला सांगायला दुसरे कोणी नव्हते. मी खिडकीतून पाहत होते. मी खाली गेले, तिच्याजवळ उभी राहिले, आणि विचारले, "चहा ठेवू का?"

ती म्हणाली, "तुम्हाला किटली कुठे असते ते तरी माहीत आहे का, मिस हेस्टर?"

माहीत नव्हते. तिने दाखवली. त्या दिवसापासून आमची मैत्री आहे, जरी तिला हा शब्द चालत नाही.

कलम सहावे. मी गप्प बसले असे कोणी म्हणू नये, म्हणून पुढचे लिहिते. माझा धाकटा भाऊ एडमंड पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये कामी आला. युद्धाआधीच त्याने हे घर मला रीतसर विकले होते. त्याला लंडन हवे होते, मला हे घर, आणि आईकडून मला आलेला सगळा पैसा मी त्यात घातला. जेराल्ड हा त्याचा मुलगा. घर आपल्याला बापाकडून मिळायला हवे होते असे जेराल्डला वाटते. त्याच्या बापाने त्या पैशांत मोटारगाडी घेतली, ती त्याने मागावी.

तर एडमंड गेल्याची तार आली. मिसेस ग्विलियम तेव्हा नव्या नव्या पोस्टात लागल्या होत्या. त्यांनी ती स्वतः आणून माझ्या हातात दिली आणि माझ्याबरोबर रडल्यासुद्धा. मार्थाला ताप होता, ती अंथरुणात होती. मी आईचा काळा कोट घातला, तिची शाल डोक्यावर घेतली, दाराची किल्ली काढली आणि पेट्यांवर स्वतः ठोकून आले. भर दुपारी. सूर्य डोक्यावर होता.

रविवारपर्यंत गावभर झाले की मार्था पुन्हा दिसली.

चर्च सुटल्यावर मी ओसरीत सगळ्यांसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "त्या दिवशी बागेत मी होते. मार्था तापानं फणफणली होती. डॉक्टरांना विचारा."

सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहू लागले की मला चीड आली. मिसेस ग्विलियम पुढे आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमचं मन फार मोठं आहे, मिस हेस्टर. नोकरमाणसासाठी एवढं कोण करतं."

मी म्हटले, "मन गेलं खड्ड्यात. अहो, तार तुम्हीच आणलीत ना? एडमंड आठवड्यापूर्वी गेला होता. तार आली, मग मी बागेत गेले. मग बागेतल्या बाईनं त्याला मारलं कसं?"

त्यांनी थोडा विचार केला. "ती त्याआधी पण येऊन गेली असेल," त्या म्हणाल्या, "आपण पाहिलं नसेल."

अशा उत्तरापुढे माणूस काय करणार? मी घरी आले आणि मार्थाला सगळे सांगितले. ती उशीवरून म्हणाली, "तुम्ही कशाला तोंड घालायला गेलात? आता म्हणतील मी तुमच्या अंगात पण येते." आणि तसे म्हणालेच. एडमंडची ती बातमी देणारी मी होते, हे मी तेव्हापासून ज्याला त्याला सांगत आले आहे. ऐकणारे मान डोलावतात आणि नंतर माझ्या मोठ्या मनाची तारीफ करतात. म्हणून आता ते शपथेवर, सहीनिशी, साक्षीदारांसमोर लिहून देत आहे. यापुढे जो कोणी मला मोठ्या मनाची म्हणेल तो मला खोटारडी म्हणतो आहे असे मी समजेन.

कलम सातवे. गेल्या मे महिन्यात जेराल्ड लंडनहून मि. पिम नावाच्या एका गृहस्थांना घेऊन आला. मि. पिम जुनी घरे घेऊन त्यांची हॉटेले करतात. त्यांनी भिंतींवर टकटक केली, छताकडे पाहून हळहळले, आणि मग जेवणाच्या टेबलावर एक रंगीत चित्र पसरले. परगण्यातले सर्वांत झपाटलेले घर, असे वर लिहिले होते आणि खाली कवटीच्या तोंडाची एक काळी बाई होती, हातात किल्ली.

जेराल्ड म्हणाला, "आत्या, तू गेल्यावर हे असंच पडून कुजणार. गेल्या युद्धात इथं उतरलेल्या सैनिकांनी कठडे जाळले, छताची दुरुस्ती तुला झेपत नाही, कर भरायला पैसे नाहीत. निदान भुताच्या नावावर तरी उभं राहील की नाही?" त्याच्या बोलण्यात छताबद्दलचे सगळे खरे होते, हे मी मान्य करते. तो पोरगा मूळचा वाईट नाही. त्याला फक्त कधी कोणी नाही म्हटलेले नाही.

तेवढ्यात मार्था भाजी घेऊन आली. मि. पिम यांनी तिला नखशिखांत पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्याच का त्या? वा! बाई, शनिवारी संध्याकाळी काळा झगा घालून बागेतून दोन फेऱ्या मारायच्या, बस्स. आम्ही चांगला पगार देऊ. फाटकाजवळची जागा मात्र आम्हाला मोटारी लावायला लागेल, तेव्हा तुमची सोय गावात कुठेतरी करू."

मार्थाने भाजीचे भांडे खाली ठेवले. "साहेब," ती म्हणाली, "मला बघायला लोक पैसे कशाला देतील? मी इथं रोज फुकट दिसते."

जेराल्ड हसला. मि. पिम हसले. मार्था स्वयंपाकघरात गेली आणि परत आली नाही. मी मागून गेले, तर ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मला म्हणाली, "गाव मला भूत म्हणालं, पण राहू दिलं. हा पगार देतोय आणि घर काढून घेतोय. तुम्ही गेलात की मी कुठं जायचं, मिस हेस्टर? आपल्या शेजारी मला खोली कोण देणार आहे गावात?"

तिने मला आयुष्यात विचारलेला हा एकमेव प्रश्न आहे ज्यात टोमणा नव्हता. त्याचे उत्तर पुढच्या कलमात आहे.

कलम आठवे. ब्रॅकनहोप हाऊस, पुढची आणि मागची बाजू, फाटकाशेजारचे घर, भाजीची बाग, भिंत, मधमाश्यांच्या सर्व पेट्या, धुराचे भांडे, जाळीच्या टोप्या, मध गाळायची पिंपे, आणि घराच्या मोठ्या दाराची किल्ली, ही सर्व मालमत्ता मी मार्था प्रॉसर हिला देते. भाडेकरू म्हणून नाही, तिच्या हयातीपुरती नाही, माझी आठवण म्हणून नाही. मालकीण म्हणून. करासाठी घरातली सर्व तैलचित्रे आणि खालचे कुरण विकावे. आमच्या पूर्वजांनी दोन्ही बाजूंना गवत विकून घर राखले, तेव्हा कुरण विकून ते राखले तर त्यांना वाईट वाटणार नाही.

हे मी मार्थाला आधी सांगितले. ती म्हणाली, "एवढं मोठं घर घेऊन मी काय करू? झाडत बसू?"

"झाडू नकोस. वापरतेस तेवढं वापर. बाकीचं पडलं तर पडू दे."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणतात तेच म्हणतील. पण आता त्यांना ते तुझ्या फाटकाबाहेर उभं राहून म्हणावं लागेल."

ती बराच वेळ वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "छप्पर नीट करून मग द्यायचं होतं." मी याला होकार समजले आहे.

तिच्यामागे घराचे काय करावे ते तिने ठरवावे. पाडले तरी चालेल. मेल्यावरसुद्धा या घरावर हुकूम सोडत राहणे हे आजोबांना शोभले, मला नको.

कलम नववे. माझा पुतण्या जेराल्ड याला मी साइडरची सगळी सफरचंदबाग आणि त्याच्या वडिलांचे घड्याळ देते. बाग उत्तम आहे, विकली तर त्याची सगळी देणी फिटून वर काही उरेल. पण त्याला हे मिळण्यासाठी एक अट आहे.

मी गेले की मधमाश्यांना जेराल्डने कळवावे. मार्थाने नाही, व्यवस्थापकांनी नाही. जेराल्डने स्वतः, दिवसाढवळ्या, उघड्या डोक्याने. बागेच्या भिंतीतले जुने दार उघडून पायवाटेवर गावातल्या ज्याला यायचे असेल त्याला उभे राहू द्यावे. एरवी ही बातमी माश्यांना सर्वांआधी देतात. माझ्या बाबतीत माश्यांना आणि गावाला ती एकाच वेळी कळावी, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हा घोळ मिटेल. माश्या रागावतील, पण मार्था त्यांची समजूत काढील. त्याने प्रत्येक पेटीवर किल्लीने तीनदा ठोकावे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे हे म्हणावे: "तुमची मालकीण हेस्टर ट्रेव्हिल वारली. ती म्हातारपणाने वारली, तिला कोणी नेले नाही. आता तुमची मालकीण मार्था प्रॉसर आहे. तुम्ही राहा."

मग त्याने ती किल्ली मार्थाच्या हातात द्यावी. शेवटच्या पेटीला काळी फीत त्याने बांधावी. माश्या डसतील ही त्याची भीती मला माहीत आहे. हळू बोलावे, हात झटकू नयेत. लहानपणी त्याला हे मार्थाने शिकवले होते आणि तेव्हा तो तिचा झगा धरून उभा राहत असे. त्याला ते आठवत असेल अशी माझी अजून आशा आहे. त्याने हे केले नाही तर सफरचंदबाग मार्थाची, आणि घड्याळ तेवढे त्याचे.

कलम दहावे आणि शेवटचे. मी गेल्यानंतर बागेच्या भिंतीवरून काळ्या शालीतली बाई दिसली, तर ती मी नाही. मी चर्चच्या आवारात आहे आणि माझा परत येण्याचा विचार नाही. ती जोगीण नाही, ती मृत्यू नाही. ती मार्था आहे. सकाळ असेल तर तिला सुप्रभात म्हणावे, आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी करावी. थंडीत ते फार दुखतात.

वरील मजकूर मी आज माझ्या बैठकीच्या खोलीत दोन साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. मि. लायड म्हणाले की साक्षीदारांनी मजकूर ऐकण्याची कायद्याला गरज नाही. मला होती, म्हणून मी साक्षीदारही निवडून घेतले. गावातली प्रत्येक भुताची गोष्ट एकतर पोस्टात सुरू होते नाहीतर पबमध्ये पूर्ण होते.

पबचे मालक मि. हार्ली वाचन चालू असताना तीनदा खाकरले आणि शेवटी म्हणाले, "म्हणजे त्यात काहीच नव्हतं?" त्यांचा विरस झालेला दिसला.

तारेची गोष्ट आली तेव्हा मिसेस ग्विलियम यांनी हातमोजे काढले आणि परत घातले. वाचन संपल्यावर त्यांनी विचारले, "तेव्हा खरंच तुम्ही होतात?"

"खरंच मी होते."

"आणि ॲनीच्या दारातून मार्थाला परत पाठवलं, तेव्हा ती खरंच नुसती सूप घेऊन आली होती?"

"कोबीचं सूप," मी म्हटले.

त्या खिडकीकडे गेल्या. "मार्था आत्ता घरात आहे का?"

"पेट्यांपाशी आहे."

"मग कुठं सही करायची ते दाखवा," त्या म्हणाल्या. "आज मी बागेच्या वाटेनं जाते."

मला बरे वाटले, हे मी इथे लिहून ठेवते. आता सही करते, म्हणजे त्यांना उशीर होणार नाही.

(सही) हेस्टर मॉड ट्रेव्हिल

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना मिस ट्रेव्हिल यांनी आमच्यासमोर वरील सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही आमच्या सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हा दोघांना काहीही मिळालेले नाही.

साक्षीदार:
(सही) डोरोथी ग्विलियम, पोस्टमास्तर, नेदर ब्रॅकन
(सही) सिरिल हार्ली, पबचे मालक, नेदर ब्रॅकन

स्थळ: ब्रॅकनहोप हाऊस, हेरफर्डशायर
दिनांक: २१ सप्टेंबर १९५४